‘पाय घसरला’ एवढ्यावर थांबू नका

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून ते थोडक्यात देते.

घरात नवरा, दोन मुलं आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. ताई त्यांना ‘आत्या’ म्हणतात. आत्यांना १४ वर्षं बीपी आणि साखर आहे. मामंजी दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून झोपेची गोळी सुरू आहे. गेल्या चार महिन्यांत आत्या दोनदा पडल्या. पहिल्यांदा पहाटे तीनला, मागच्या दारच्या संडासाकडे जाताना. कपाळाला टेंगूळ आलं. दुसऱ्यांदा कपिलतीर्थ मंडईतून भाजी घेऊन येताना, पायरी उतरताना. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दोन्ही वेळा त्या एवढंच म्हणाल्या, ‘पाय घसरला गं.’ पुण्याच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, ‘तुमचं लक्ष नसतं.’ नवऱ्याने ठरवून टाकलं: मंडई बंद, अंबाबाईचं दर्शन बंद, जिना बंद. खोलीत कमोडची खुर्ची आणली तेव्हा आत्या रडल्या. प्लास्टर निघून महिना झाला, पण आता खुर्चीतून उठतानाही त्यांना कुणाचा तरी हात लागतो. ताई विचारतात, ‘वय झालं की माणूस पडतंच ना? त्यांना घरात ठेवतोय ते बरोबरच आहे ना? की मीच कुठे कमी पडले?’

*

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते मनात असेपर्यंत बाकीचं काही नीट ऐकू येणार नाही. पहाटे तीन वाजता सगळं घर झोपलेलं असतं. त्या वेळी आत्या उठून अंधारात निघाल्या, यात तुमची चूक शोधायला मला जागाच दिसत नाही. माणूस पडतं तेव्हा तीन-चार गोष्टी एका वेळी जुळून आलेल्या असतात. त्या शोधायच्या आहेत. नणंदबाईंची काळजी खरी असेल, तर त्यांनाही या शोधात एक काम द्या. आत्यांच्या सगळ्या गोळ्यांचे फोटो त्यांना पाठवा आणि नाव, डोस, वेळ अशी स्वच्छ यादी करायला सांगा. ती यादी पुढे लागणार आहे.

आता ‘वय झालं की माणूस पडतंच’ याबद्दल. ६५ वर्षांपुढची साधारण एक तृतीयांश माणसं वर्षातून एकदा तरी पडतात, आणि सत्तरीनंतर हे प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात, त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त. वयाचा संबंध आहेच. पण त्याच हिशेबाने दर तिघांतली दोघं त्या वर्षी पडत नाहीत. त्यांचंही वय झालेलं असतंच की. वयाबरोबर येणाऱ्या काही गोष्टी माणसाला पाडतात, आणि त्यांतल्या पुष्कळ दुरुस्त करता येतात. ‘वय’ म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. ‘पाय घसरला’ या उत्तराचंही तसंच आहे, ते मिळालं की पुढे कुणी विचारतच नाही.

तुम्ही विचारा. घाईने नको, रागाने तर नकोच. दुपारी दोघी शेंगा सोलत बसलेल्या असताना विचारा: पडायच्या मिनिटभर आधी काय करत होता? नुकत्या उठला होता का? डोळ्यांपुढे अंधारी आली का? पायात काय होतं? गुडघ्यातून गेल्यासारखं झालं, की कशाला तरी अडखळलात? जमिनीवर आदळलेलं आठवतं का? घसरणं, अडखळणं, भोवळ येणं आणि पायातलं बळ जाणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारींचे इलाज वेगळे आहेत. ‘मी खाली कशी आले तेच कळलं नाही’ असं त्या म्हणाल्या, तर त्या क्षणभर बेशुद्ध झाल्या असण्याची शक्यता धरा. मग हृदयाचे ठोके आणि ईसीजी तपासायला उशीर करू नका.

आत्यांची दोन पडणी मला एकसारखी वाटत नाहीत.

पहाटेचं पाहा. झोपेची गोळी पहाटेपर्यंत अंगात असते. लघवीची घाई. अंधार. मागच्या दारचा उंबरा. त्यात बीपीची गोळी. आपण झोपलेले असताना उठून उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर क्षणात शिरा आवळून ते सावरून घेतं. वय, साखरेमुळे दुबळ्या झालेल्या नसा आणि बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या यांमुळे हे सावरणं मंदावतं. डोक्याकडे रक्त कमी पडतं आणि माणूस दोन पावलांत कोसळतं. हे घरीच तपासता येतं. आत्यांना पाच मिनिटं आडवं झोपू द्या, बीपी मोजा. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, जवळ कुणीतरी उभं राहून. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बहुतेक वेळा खुर्चीत बसवून बीपी घेतात. त्यात ही घसरण दिसतच नाही.

मात्र कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. बीपीची तर नाहीच. झोपेची गोळीही, इतके दिवस घेतलेली असेल तर, एकदम सोडल्यास त्रास होतो. ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी लागते. त्यांना नेमकं विचारा: ‘यातली कुठली गोळी पडायला कारण ठरू शकते? कुठली कमी करता येईल? लघवीची गोळी असेल तर ती सकाळी देता येईल का?’ सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनीही गुंगी येते, त्यामुळे मेडिकलमधून मनाने आणलेल्या गोळ्याही यादीत हव्यात. साखरेच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने रात्री साखर खाली जाऊ शकते. पहाटे घाम फुटून जाग येते का, तेही विचारा.

आपल्या गावात एक गोष्ट विशेष सांगावी लागते. आत्यांच्या पिढीतल्या बायका नवरात्रात नऊ दिवस उपास धरतात आणि गोळ्या मात्र रोजच्याच घेतात. पोट रिकामं, गोळी तेवढीच, वर दर्शनाच्या रांगेत उभं राहणं. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, ती त्यांची श्रद्धा आहे. पण उपासाच्या आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचा हिशेब बदलून घ्यायलाच हवा. दुसरी सवय पाण्याची. रात्री उठायला नको म्हणून पुष्कळ जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. शरीरात पाणी कमी झालं की उभं राहताना बीपी आणखी उतरतं, म्हणजे ज्या भीतीने पाणी सोडलं तीच खरी होते. पाणी पोटभर प्यावं, फक्त संध्याकाळनंतर बेताने. हृदयासाठी किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळावं.

आता मंडईतलं पडणं. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की आत्यांना उन्हाळ्यात नवा चष्मा केला, वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा. मी तिथे थांबले. पायरी उतरताना आपण नजर खाली टाकतो आणि तेव्हा ती चष्म्याच्या वाचायच्या भागातून जाते. पायरीची कड धूसर होते, अंतराचा अंदाज चुकतो. फिरायला, मंडईला, देवळात जाताना फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा करून द्या. मोतीबिंदू किती आहे तेही पाहून घ्या. ‘अजून पिकला नाही’ म्हणून थांबायचे दिवस गेले. चालताना अडचण होत असेल तर शस्त्रक्रियेसाठी तेवढं कारण पुरतं.

आणि पायात काय होतं? कोल्हापुरी चप्पल आपल्या गावची शान आहे, मलाही ती प्रिय आहे. पण तिचा तळ गुळगुळीत कातड्याचा, मागून पट्टा नाही, आणि मंडईतली फरशी भाजीच्या पाण्याने ओली. नवी चप्पल करकरीत असते तेव्हा तर ती बर्फावरच्यासारखी सरकते. आत्यांना बाहेर पडताना मागून पट्टा असलेली, रबरी तळाची, बोटांना जागा देणारी चप्पल घ्या. कोल्हापुरी लग्नाकार्याला, कोरड्या जागी. दोन्ही हातांत पिशव्या असतील तर तेही बदला. तोल गेला की माणूस हातांनी सावरतं आणि ते हातच अडकलेले असतात. एक पिशवी खांद्याला लावावी, एक हात मोकळा हवा.

१४ वर्षांच्या साखरेने तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते. पाय जमिनीवर नीट टेकला की नाही हे त्या पायालाच कळत नाही, आणि मग अंधारात, जेव्हा डोळ्यांचीही मदत नसते, तोल जातो. आत्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच बोट लावा, एक-दोन सेकंद. दाबू नका. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टरांना सांगा आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी माणसांत ते बरेचदा कमी असतं, आणि साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणखी कमी होऊ शकतं.

मनगटाबद्दल एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात राहून जाते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर ते हाड आधीच ठिसूळ असण्याची दाट शक्यता असते. प्लास्टर निघालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि औषध यांबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. आज मनगट मोडलंय, पुढच्या वेळी खुबा मोडू नये म्हणून हे करायचं. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं मात्र मनाने आणून देऊ नका. फार मोठे डोस घेणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचं प्रमाण उलट वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. किती कमी आहे ते पाहूनच डॉक्टर ठरवतील.

ताई, आता घरात ठेवण्याबद्दल. इथे मला स्पष्ट बोलायला हवं, कारण मी हेच माझ्या आईच्या बाबतीत केलं होतं. ती एकदा पडली आणि मी तिला खाटेवर बसवलं. पाण्याचा तांब्या हातात, जेवण हातात. मला वाटत होतं मी तिला जपतेय. तीन महिन्यांनी तिला ओटीच्या दोन पायऱ्या चढवेनात. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतं, त्याने मांड्यांतलं बळ आणि तोल सांभाळायची सवय दोन्ही जातात, आणि मग ते खरंच पडतं. तुमच्या पत्रात हे सुरू झालेलं दिसतंय. आत्या अडीच महिन्यांपूर्वी मंडईत चालत जात होत्या आणि आज खुर्चीतून उठायला हात मागतात. वय अडीच महिन्यांनीच वाढलं. बाकीचं बसण्याने झालं आहे.

कोल्हापुरात पायांच्या बळाची महती सांगावी लागू नये. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत तालमी आहेत, पोरं पहाटे बैठका मारतात, आणि आपल्याला ठाऊक आहे की मैदानात ज्याचे पाय रोवलेले तो पडत नाही. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्याच पायांना विश्रांती का द्यायची? तोल आणि पायांचं बळ वाढवणाऱ्या व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचं पडणं साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, असं २०१९ मध्ये १०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासून दिसलं. नुसतं रंकाळ्यावर फिरणं त्याला पुरत नाही. तोल थोडा आव्हानात पडला पाहिजे, तरच तो सुधारतो.

आत्यांची आधी परीक्षा घ्या. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मग फिजिओथेरपिस्टकडे एकदा न्या आणि व्यायाम त्यांच्याकडून बसवून घ्या, कारण मनगट नुकतंच जुळलंय, त्यावर किती भार टाकायचा ते त्यांनाच ठरवू द्या. साधारण असे असतात: भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्याशीच एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून दहा सेकंद उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस तरी, आणि महिनाभर करून सोडायचं नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोघींनी मिळून केले तर तुमचेही पाय पुढे कामाला येतील.

काठी द्यायची तर मापाची द्या. मामंजींची काठी आत्यांना चालणार नाही. हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या रेषेशी मूठ यायला हवी, आणि टोकाला न झिजलेलं रबर हवं.

घराचं थोडक्यात, कारण हे तुम्ही दोन दिवसांत कराल. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. उंबऱ्याच्या कडेला उठून दिसणारी रंगीत पट्टी. संडासात आणि न्हाणीत भिंतीत पक्का रोवलेला दांडा, टॉवेल टांगायच्या दांड्यावर भरवसा नको. पायपुसणी सरकणारी असतील तर काढून टाका. मागच्या दारी पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते खरवडून घ्या. आपल्या पावसात ते आठ दिवसांत परत येतं, म्हणून हे काम कुणा एकाच्या नावावर लावा. उठल्यावर आत्यांनी खाटेच्या कडेला मिनिटभर पाय हलवत बसायचं आणि मगच उभं राहायचं.

कमोडच्या खुर्चीवर त्या का रडल्या असतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. ती त्यांना न विचारता आली. सबंध आयुष्य ज्या बाईने देवघर असलेल्या घरात सोवळं सांभाळलं, तिच्या उशाशी ती एक दिवस आणून ठेवली. आता विचारा. ‘फक्त रात्रीपुरती, पडद्याआड, पहाटे मी उचलते’ असं सांगून पाहा. तरी नको म्हणाल्या तर नको. मग रात्री तुम्हाला किंवा मुलाला हाक मारायला एक बेल खाटेजवळ द्या.

आणखी एक विचारते. आत्या दोनदाच पडल्या असतील का? पुष्कळ म्हातारी माणसं पडल्याचं लपवतात, कारण सांगितलं की काहीतरी बंद होतं. या घरात पहिल्या दोन वेळा सांगितल्यावर मंडई गेली, अंबाबाई गेली. तिसऱ्यांदा त्या सांगतील असं मला वाटत नाही. हे तुमच्या यजमानांना जरूर वाचून दाखवा. त्यांचा धाक प्रेमातून आहे, पण त्याने आत्यांचं तोंड बंद होईल, पडणं बंद होणार नाही.

पुन्हा पडल्याच तर घाईने काखेत हात घालून उचलू नका. आधी विचारा कुठे दुखतंय. एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, किंवा खुब्यात जीवघेणी कळ असेल, तर हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दाखवा. डोक्यात साचलेलं रक्त कधी कधी काही आठवड्यांनी त्रास देतं: गुंगी, उलटी, बोलण्यात गोंधळ. आत्यांच्या पहिल्या टेंगळानंतर असं काही दिसलं असेल तर आजच जा. काही मोडलेलं नसेल तर त्यांना कुशीवर वळू द्या, मग रांगत खुर्चीपर्यंत, मग खुर्चीला धरून एक गुडघा टेकून वर. चांगल्या हाताचा आधार घेऊन ही उठण्याची तालीम आधी गादीवर करून घ्या. पडून तासाहून जास्त वेळ जमिनीवर राहणं हा वेगळाच धोका असतो.

हे वाचणारे काही जण एकटे राहत असतील, मुलं पुण्याला किंवा परदेशी. त्यांनी फोन गळ्यात किंवा खिशात ठेवावा, रात्रीसुद्धा, आणि शेजारी एक किल्ली द्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी आहे. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान भारतचं कार्ड काढता येतं. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात दाखल होऊन घ्यायचे उपचार बसतात. प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू झालेल्या आजोबांनीही वर लिहिलेली उभं राहून बीपी मोजायची तपासणी करावी, त्या गोळ्यांनीही बीपी उतरू शकतं.

तर ताई, या आठवड्यात बीपीचे तीन आकडे आणि गोळ्यांची यादी, मग डॉक्टर. पुढच्या आठवड्यात चष्मा, चप्पल आणि फिजिओथेरपी. फिजिओथेरपिस्टनी चालायला हरकत नाही म्हटलं की अंबाबाईला जा, शुक्रवारी नव्हे, गर्दी कमी असते अशा दिवशी. देवळातल्या दगडी फरशीवर अनवाणी चालायचं असतं आणि ती ओली असू शकते, म्हणून आधार हवाच, पण तुमचा हात त्यांच्या दंडाला धरलेला नको. त्यांनाच तुमच्या हाताचा आधार घेऊ द्या, म्हणजे कधी धरायचा आणि कधी सोडायचा ते त्या ठरवतील. येताना मंडईत पाच मिनिटं थांबा आणि मेथीची जुडी त्यांनाच निवडू द्या.

बीपीचे आकडे आले की मला कळवा. झोपून किती, एक मिनिटाने किती, तीन मिनिटांनी किती, असे तिन्ही लिहा.